बातमीच्या पानावर जाहिराती कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने लावायच्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी बातम्यांच्या लहान वेबसाइट बऱ्याच आहेत. दोन-तीन माणसं मिळून चालवतात, साइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर असते, वाचक जवळजवळ सगळा मोबाइलवर असतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या लिंकवरून आत येतो. जाहिरातींच्या बाबतीत या साइट चुकतात त्या बहुतेक वेळा क्रमात. ॲडसेन्सची, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेची, मंजुरी आली की त्याच संध्याकाळी ऑटो ॲड्स, म्हणजे गूगल स्वतः जागा निवडून लावतं त्या जाहिराती, पूर्ण सोडल्या जातात. मथळ्याच्या वर एक पट्टी बसते, तळाला एक चिकटते आणि मध्येच 'आमच्या ग्रुपला जॉइन व्हा' उघडतं. महिनाभराने कमाई वाढली नाही म्हणून आणखी एक पट्टी लावली जाते. पान कसं वाचलं जातं, हे या सगळ्यात कुणी पाहिलेलंच नसतं.

साइट वर्डप्रेसवर आहे आणि ॲडसेन्सचं खातं चालू आहे, असं धरून पुढचे टप्पे दिले आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करा. टप्पा ४ आधी न करता टप्पा ५ केलात, तर सगळं काम दोनदा करावं लागेल.

## टप्पा १: काही हलवण्याआधी १४ दिवसांची नोंद

आजची स्थिती लिहून ठेवल्याशिवाय उद्याचा बदल चांगला की वाईट ते कळणार नाही. एक्सेलची एक शीट उघडा आणि सलग १४ दिवस रोज हे आकडे भरा: एकूण भेटी, एकूण पेज व्ह्यू, मोबाइलवरच्या भेटींचा वाटा, सरासरी वाचनाचा वेळ आणि दिवसाची कमाई. पहिले चार गूगल ॲनालिटिक्समध्ये मिळतात, पाचवा ॲडसेन्समध्ये.

१४ दिवस अशासाठी की आठवड्याचे चढउतार दोनदा पदरात पडतात. गणेशोत्सव, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, निवडणुकीचा निकाल हे दिवस नोंदीत धरू नका. त्या दिवसांत वाचक कुठूनही येतो आणि पान कसंही असलं तरी वाचतो.

मुख्य आकडा कोणता, हे इथेच ठरवून टाका. बहुतेक जण आरपीएम बघतात, म्हणजे हजार पेज व्ह्यूमागची कमाई. हा आकडा फसवतो. समजा, १००० भेटींत दर भेटीला सरासरी २.४ पानं वाचली जातात आणि आरपीएम ३० रुपये आहे. २४०० व्ह्यू, ७२ रुपये. आता जाहिराती वाढवल्या. आरपीएम ३८ झाला, पण वाचक कंटाळून १.७ पानांवर आला. १७०० व्ह्यू, साधारण ६५ रुपये. डॅशबोर्डवर बाण हिरवा दिसतो आणि खिशात कमी येतं. म्हणून हजार भेटींमागची कमाई हा आपला आकडा धरा.

सोबत पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात तीन पानं तपासा: होमपेज, एक लांब बातमी, एक छोटी बातमी. मोबाइलचे तीन आकडे टिपून ठेवा. एलसीपी, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत हवा. आयएनपी, म्हणजे बोट लावल्यावर पानाने प्रतिसाद द्यायला घेतलेला वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत. सीएलएस, म्हणजे वाचता वाचता मजकूर किती सरकतो त्याचं माप, ०.१ च्या आत. गूगल या मर्यादा किमान ७५ टक्के भेटींना लावून बघतं. तेव्हा तुमच्या नव्या फोनवर, घरच्या वायफायवर पान झटकन उघडतं याला फारसा अर्थ नाही.

तपासा: शीटमध्ये १४ ओळी पूर्ण आहेत का? मधले तीन दिवस राहिले असतील, तर आणखी तीन दिवस थांबा. अंदाजाने भरू नका.

## टप्पा २: पानांची वर्गवारी

एकच ठरलेली मांडणी सगळ्या पानांना लावणं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. वाचक प्रत्येक पानावर वेगळ्या कामासाठी येतो. ते काम जिथे संपतं, जाहिरातीची जागा तिथे सुरू होते.

बाजारभाव, वेळापत्रक, वीजपुरवठा बंद राहण्याच्या सूचना. रताळ्याचा, बटाट्याचा किंवा सोन्याचा भाव बघायला आलेला माणूस दहा सेकंदांसाठी येतो. तक्ता पहिल्याच स्क्रीनवर हवा, अखंड हवा. जाहिरात तक्त्याच्या लगेच खाली. तिथे वाचक क्षणभर थांबतो, त्यामुळे ही एकच जागा चांगली चालते. तक्ता मधोमध तोडून पट्टी घातली, तर खालचे भाव आहेत हेच त्याला कळत नाही आणि तो दुसऱ्या साइटवर जातो.

नेहमीची बातमी. मथळा, फोटो आणि पहिले दोन परिच्छेद विनाअडथळा. पुढचं टप्पा ५ मध्ये.

निधनवार्ता आणि मृत्यूच्या, अपघाताच्या बातम्या. सीमाभागातल्या साइटवर निधनवार्ता सर्वांत जास्त उघडल्या जाणाऱ्या पानांत असतात, म्हणून तिथे जाहिराती लावायचा मोह होतो. लावू नका. फोटोखाली 'अंत्यविधी सकाळी ११ वाजता' आणि त्याच्याखाली लग्नाच्या शालूंचा सेल, हा स्क्रीनशॉट गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. हा वर्ग संपूर्ण वगळा.

फोटो गॅलरी. मिरवणुकीचे ४० फोटो असतील, तर दर आठ-दहा फोटोंनंतर एक जाहिरात पुरे. फोटो आणि जाहिरात यांच्यात मजकुराची एक ओळ किंवा स्पष्ट मोकळी जागा ठेवा. जाहिरात त्या फोटोंपैकीच एक वाटेल अशी मांडणी ॲडसेन्सच्या नियमांत बसत नाही.

संपर्क, आमच्याविषयी, प्रायव्हसी पॉलिसी, शोध, ४०४ (पत्ता न सापडल्यावर दिसणारं पान). जाहिरात नाही.

वर्डप्रेसमध्ये निधनवार्तांना स्वतंत्र कॅटेगरी द्या आणि पुढे जाहिराती वगळताना तीच वापरा. कॅटेगरी न देता टाकलेली एखादी निधनवार्ता निसटतेच. मजकूर चढवणाऱ्याला हे एकदा समोर बसवून सांगा.

## टप्पा ३: किती जाहिराती? पिक्सेलमध्ये हिशेब

'तीनच लावा', 'पाच चालतात' असे सल्ले निरुपयोगी आहेत, कारण बातम्यांची लांबी सारखी नसते. ॲडसेन्सने एका पानावर तीनच जाहिरातींची जुनी मर्यादा २०१६ मध्ये काढून टाकली. जाहिराती मजकुरापेक्षा जास्त नसाव्यात, हा नियम मात्र आहे. त्याहून कडक माप कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या जाहिरात उद्योगातल्या संघटनेचं आहे: मोबाइलवर मुख्य मजकुराच्या भागात जाहिरातींची एकूण उंची त्या भागाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. क्रोम हे माप वापरतो. नियम वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती तो बंद करतो. जगभर हे ९ जुलै २०१९ पासून लागू आहे.

आता आपल्या बातमीचा हिशेब करू. ३६० पिक्सेल रुंद फोनवर दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल सोडले की मजकुराला ३२८ पिक्सेल उरतात. १८ पिक्सेलच्या अक्षरात ओळीला साधारण सहा मराठी शब्द बसतात, ओळीची उंची ३० पिक्सेल.

३०० शब्दांची बातमी: ५० ओळी म्हणजे १५०० पिक्सेल, फोटो १८५, परिच्छेदांमधली जागा १२०. एकूण साधारण १८००.

- ३००×२५० च्या दोन जाहिराती: २३०० पैकी ५००, म्हणजे सुमारे २२ टक्के.
- तीन जाहिराती: २५५० पैकी ७५०, म्हणजे सुमारे २९ टक्के. काठावर.
- तीन आणि तळाला चिकटलेली ५० पिक्सेलची पट्टी: ३१ टक्के. गेली.

चिकटलेली पट्टीही मोजायची असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

१२० शब्दांची बातमी: ६०० अधिक १८५ अधिक ६०, म्हणजे ८४५ पिक्सेल. एक जाहिरात २३ टक्के होते, दोन ३७ टक्के. आपल्याकडच्या बऱ्याच बातम्या याच लांबीच्या असतात: रास्ता रोको, निवेदन, सत्कार, बैठक. म्हणजे अशा बातमीत एकच जाहिरात.

स्थानिक शुभेच्छा जाहिरात यात सर्वांत महाग पडते. उभं पोस्टर ३२८ पिक्सेल रुंद आणि ४१० उंच धरलं, तर छोट्या बातमीत ते एकटंच ३२ टक्क्यांच्या पुढे जातं. तुम्ही स्वतः विकलेली जाहिरात मोजायची नाही, असा समज असेल तर तो सोडा. वाचकासाठी दोन्ही जाहिरातीच.

काठावर जाऊ नका, २५ टक्क्यांच्या आत राहा. बातमीची लांबी रोज बदलते आणि काठावरची मांडणी छोट्या बातमीत मर्यादा ओलांडते.

## टप्पा ४: जागा आधी राखा, मग कोड टाका

वाचक पुढच्या बातमीच्या मथळ्यावर बोट ठेवतो, तेवढ्यात वर जाहिरात उगवते, सगळं खाली सरकतं आणि बोट जाहिरातीवर पडतं. मालकाला वाटतं, क्लिक तर मिळाला. असे अपघाती क्लिक गूगल ओळखतं आणि त्यांचे पैसे कापतं. प्रमाण वाढलं तर खात्यावर निर्बंध येतात. वाचक चिडतो ते वेगळंच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक जाहिरातीसाठी एक चौकट करा आणि थीमच्या ॲडिशनल सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडच्या जागेत, तिला किमान उंची द्या. ३००×२५० साठी २८० पिक्सेल: २५० जाहिरातीचे, २० वरच्या 'जाहिरात' या शब्दाच्या ओळीचे, १० मोकळे. ३२०×१०० साठी १३० पुरतात.

इथे तीन गोष्टी चुकतात.

पहिली, रिस्पॉन्सिव्ह युनिट, म्हणजे जागेप्रमाणे आकार बदलणारी जाहिरात. चौकट २८० ची आणि आत येणारी जाहिरात कधी मोठी, असं झालं की राखलेली जागा वाया. मजकुराच्या मधल्या जागांना निश्चित आकार द्या आणि कोडमधला 'फुल विड्थ रिस्पॉन्सिव्ह' हा पर्याय 'फॉल्स' करा.

दुसरी, रिकामी चौकट मिटवणं. जाहिरात आली नाही की चौकट शून्य उंचीची करणारे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम, आहेत. ती मिटली की खालचा मजकूर वर उडी मारतो, म्हणजे तोच दोष उलट्या दिशेने. जागा भरली नाही, हे ॲडसेन्स कोडमधल्या 'ॲड स्टेटस'मध्ये 'अनफिल्ड' असं सांगतं. चौकट मिटवण्याऐवजी त्या खुणेवर त्याच मापात स्वतःची पाटी दाखवा: 'बातम्या व्हॉट्सॲपवर मिळवा' किंवा 'इथे जाहिरात देण्यासाठी'. ग्रुपचं बोलावणं पॉपअपमध्ये दाखवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

तिसरी गोष्ट जाहिरातीची नाही, पण दोष तिच्या माथी येतो: फॉन्ट. देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीची सहा-सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार, एकदम लोड केली, तर आधी फोनचा फॉन्ट दिसतो, मग आपला फॉन्ट येतो आणि ओळी तुटायच्या जागा बदलतात. साधा आणि ठळक, अशी दोनच वजनं ठेवा.

तपासा: फोनवर पान उघडा आणि स्क्रोल न करता पाच सेकंद बघत राहा. कुठलीही ओळ जागची हलली, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: बातमीच्या पानावरच्या नेमक्या जागा

पहिली जाहिरात १२० ते १५० शब्दांनंतर, परिच्छेद संपतो तिथे. मथळ्याच्या वर नको. लिंकवरून आलेल्या वाचकाला पहिल्या स्क्रीनवर आपण कुठे आलो हे दिसलं पाहिजे, आणि ते मथळा आणि फोटो सांगतात. छोट्या बातमीत हीच एकमेव जाहिरात आणि ती बातमी संपल्यावर.

दुसरी बातमीच्या शेवटी, 'आणखी वाचा'च्या आधी. ती जाहिरात आणि 'आणखी वाचा' यांच्यात किमान ३० पिक्सेल अंतर ठेवा. 'आणखी वाचा'मधल्या बातम्यांसारखाच फोटो आणि मथळा असलेली जाहिरात त्यांना चिकटून ठेवणं म्हणजे फसवणूक. गूगलही ती तशीच मोजतं.

तिसरी फक्त ४०० शब्दांपुढच्या मजकुरात. दोन जाहिरातींमध्ये किमान एक पूर्ण स्क्रीन, म्हणजे ६५० ते ७०० पिक्सेल मजकूर हवा. बोटाने एकदा वर सरकवल्यावर दोन जाहिराती एकत्र दिसल्या, तर एक काढा.

फोटो आणि त्याची ओळ यांच्यामध्ये, यादीच्या मधोमध, शेअरच्या बटणांजवळ, पीडीएफ डाउनलोडच्या बटणाजवळ जाहिरात कधीही नको. ई-पेपरची पीडीएफ देणाऱ्यांनी शेवटच्या मुद्द्याकडे नीट बघावं. 'डाउनलोड' असं लिहिलेल्या जाहिराती येतात आणि वाचक पेपर समजून तिथे दाबतो.

### परिच्छेद मोजताना होणारा घोळ

ॲड इन्सर्टरसारखी प्लगइन 'दुसऱ्या परिच्छेदानंतर' अशी सूचना घेतात. पण आपल्याकडे बातमी वार्ताहराच्या व्हॉट्सॲप मेसेजमधून उचलून एडिटरमध्ये चिकटवली जाते. तशा मजकुरात पुष्कळदा नुसत्या ओळी तुटलेल्या असतात, खरे परिच्छेद नसतात. माणसाला पाच परिच्छेद दिसतात, प्लगइनला एकच. मग सगळ्या जाहिराती शेवटी एकावर एक जमतात, किंवा एकही येत नाही. उलट काही जण प्रत्येक वाक्यानंतर एंटर मारतात. तिथे 'दुसरा परिच्छेद' तिसाव्या शब्दावर येतो.

दोन उपाय एकत्र करा. प्लगइनमध्ये परिच्छेदासोबत किमान शब्दसंख्येची अट घाला. मजकूर चिकटवल्यावर प्रत्येक परिच्छेद वेगळा ब्लॉक झाला आहे का ते बघा. ब्लॉकवर टिचकी मारली आणि सगळी बातमी एकाच चौकटीत निवडली गेली, तर परिच्छेद तोडायचे राहिले आहेत.

### डेस्कटॉपची उजवी पट्टी

डेस्कटॉपवर ३००×६०० ची जाहिरात बाजूच्या पट्टीत छान बसते, वाचनाला आड येत नाही. मोबाइलवर तीच पट्टी पानाच्या तळाशी जाते. तिथे ती कुणी बघत नाही, पण तिचा कोड मात्र लोड होतो. निश्चित आकाराचं युनिट सीएसएसने नुसतं लपवू नका, ॲडसेन्सला ते चालत नाही. मोबाइलवर तो कोड पानात येणारच नाही, अशी सोय प्लगइनमधल्या 'डिव्हाइस' पर्यायाने करा.

## टप्पा ६: ऑटो ॲड्सना वेसण

हाताने जागा ठरवल्यावर ऑटो ॲड्स पूर्ण चालू ठेवल्या, तर आधीच्या तीन टप्प्यांवर पाणी फिरतं. त्या कुठे येतील हे आधी माहीत नसतं, म्हणून जागाही राखता येत नाही.

- पानाच्या आतल्या जाहिराती: बंद.
- अँकर, म्हणजे चिकटलेली पट्टी: चालू, पण फक्त तळाला. वर चिकटवली तर मेनू झाकला जातो.
- विन्येट, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पूर्ण स्क्रीनवर येणारी जाहिरात: पहिले दोन महिने बंद. आपला वाचक मुळात एकच बातमी वाचून परततो. दुसऱ्या बातमीवर त्याने बोट ठेवलं, त्याच क्षणी त्याला अडवायचं?
- पान वगळण्याच्या यादीत टप्पा २ मधली पानं टाका. निधनवार्तांच्या पत्त्यात कॅटेगरीचं नाव येत असेल, तर तो सगळा विभाग एकदम वगळता येतो.

याच वेळी संवेदनशील प्रकार तपासा. झटपट श्रीमंत होण्याच्या योजना, डाउनलोडची साधनं, वजन घटवण्याची औषधं, कसिनोसारखे खेळ हे बंद करा. सरसकट सगळेच प्रकार बंद केले, तर बोली लावणारे कमी होतात आणि भाव पडतो. म्हणून निवडून बंद करा.

मराठी पानावर कन्नड किंवा इंग्रजी जाहिराती का येतात, असा प्रश्न इथे नेहमी येतो. जाहिरातदार बरेचदा ठिकाण बघून पैसे लावतो. बेळगावातला फोन त्याच्या लेखी कर्नाटकातला ग्राहक. तीच बातमी चंदगडला किंवा कोल्हापूरला उघडली, तर वेगळी जाहिरात दिसेल. यात तुमच्या कोडची चूक नसते, आणि कन्नड जाहिराती एकेक करून ब्लॉक करत बसण्यात कमाईच जाते. इथला वाचक दोन्ही भाषा वाचतो. त्याचा गोंधळ एवढ्याच ठिकाणी होतो की हा बातमीचा भाग आहे की जाहिरात. म्हणून प्रत्येक चौकटीवर 'जाहिरात' हा शब्द हवा. 'हे पण बघा', 'खास तुमच्यासाठी' असलं काही चालत नाही.

## टप्पा ७: स्थानिक जाहिराती

शहापूरचा सराफ, खडेबाजारातलं कापड दुकान, टिळकवाडीतला क्लास, निपाणीचा ट्रॅक्टर विक्रेता. या जाहिराती वाचकाला खुपत नाहीत, उपयोगाच्या वाटतात, आणि दर तुम्ही ठरवता. त्रास होतो तो त्यांच्या फाइलमुळे.

डिझायनर फ्लेक्ससाठी केलेलंच डिझाइन पाठवतो: तीन-चार एमबीची फाइल, वर नेत्याचा मोठा फोटो, खाली 'शुभेच्छुक' म्हणून वीस चेहरे. ३२८ पिक्सेलमध्ये ते चेहरे डाळीच्या दाण्याएवढे होतात आणि नाव एकही वाचता येत नाही. जाहिरात देणारा नाराज होतो आणि पानही रेंगाळतं. ऑर्डर घेतानाच ही पाटी पुढे ठेवा:

- माप ३००×२५० किंवा ३२०×१००. डेस्कटॉपसाठी ७२८×९० वेगळी.
- वजन १०० केबीच्या आत, वेबपी किंवा जेपीईजी.
- रंग आरजीबी. छपाईचे सीएमवायके दिले, तर फोनवर रंग भलतेच दिसू शकतात.
- मजकूर: दुकानाचं नाव, एक गोष्ट, गाव आणि गल्ली, फोन. गाव आवर्जून, कारण वाचक खानापूरचा की चिकोडीचा हे तुम्हाला माहीत नाही.
- फोन नंबर चित्रात असला तरी चौकटीला डायल होणारी लिंक द्या.
- लुकलुकणारं ॲनिमेशन नाही, आपोआप वाजणारा आवाज नाही.

शुभेच्छुक वीस असतील, तर पानावर फक्त नेत्याचं नाव आणि शुभेच्छा असलेली ३००×२५० ची पाटी लावा. दाबल्यावर पूर्ण पोस्टर वेगळ्या पानावर उघडू द्या. देणाऱ्यालाही ती लिंक ग्रुपवर फिरवता येते, म्हणून तो सहसा तयार होतो.

एका जागेत दोन-तीन जाहिरातदार आळीपाळीने दाखवा. नवा जाहिरातदार आला म्हणून नवी जागा काढली, तर टप्पा ३ चा हिशेब दिवाळीपर्यंत टिकणार नाही. पैसे घेऊन दिलेल्या प्रत्येक लिंकला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावा.

सावधान: काही जाहिराती पैसे कितीही मिळोत, घ्यायच्या नाहीत. तंबाखू आणि बिडी: २००३ च्या कोटपा कायद्याने प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, दोन्ही जाहिरातींना बंदी आहे. निपाणी भागात सणाच्या शुभेच्छांत पुड्याचं चित्र किंवा ब्रँडचं नाव घालून पाठवतात, तेही नको. चमत्कारी उपचार आणि हमखास गुण देणारी औषधं: १९५४ चा कायदा. गर्भलिंगनिदान: १९९४ चा कायदा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम: २०२५ चा कायदा. पैसे घेऊन लिहिलेला लेख 'विशेष वृत्त' म्हणून देऊ नका. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांत छुपी जाहिरात थेट नमूद आहे. मथळ्याच्या वर 'जाहिरात' लिहा, शेवटी बारीक अक्षरात नको.

## टप्पा ८: कमी रेंजमध्ये चाचणी

जांबोटी, कणकुंबीकडे रेंज येते-जाते. साइट तिथल्यासारख्या नेटवर उघडून बघा. प्रत्यक्ष जाणं नको, क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये वेग कमी करून बघता येतं. शिवाय साधा, दोन-तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन हाताशी ठेवा. लिंक व्हॉट्सॲपमधून आणि फेसबुकमधून, दोन्हीकडून उघडा. फेसबुक स्वतःच्याच ब्राउझरमध्ये पान दाखवतं आणि तिथे तळाची पट्टी वेगळी बसू शकते.

ॲडसेन्सची मुख्य स्क्रिप्ट पानात एकदाच आली पाहिजे. थीममध्ये एकदा, गूगलच्या साइट किट प्लगइनमध्ये एकदा आणि जाहिरातीच्या प्लगइनमध्ये एकदा, अशी तीनदा टाकलेली असते. पेज सोर्समध्ये शोधून जादाच्या काढा. दुसऱ्या स्क्रीनखालच्या जाहिराती लेझी लोड करा, म्हणजे वाचक जवळ आल्यावरच त्या लोड होतील; पहिली नको.

आणि पॉपअप मोजा. नोटिफिकेशनची परवानगी, ग्रुपचं बोलावणं, ॲपची पाटी, कुकीची पट्टी हे सगळं पहिल्या दहा सेकंदांत येत असेल, तर जाहिरात एकही नसली तरी वाचक पळेल. एका भेटीत एकच, तेही बातमी अर्धी वाचून झाल्यावर.

सावधान: चाचणी करताना स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. ऑफिसातल्या कुणालाही करू देऊ नका. जागा तपासायची असेल, तर कोडमध्ये 'ॲडटेस्ट' चालू करून बघा आणि नंतर आठवणीने काढा. 'मित्रांनो, जाहिरातीवर एक क्लिक करून सहकार्य करा' असा मेसेज ग्रुपवर टाकणं हा खातं बंद पडण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

## टप्पा ९: एका वेळी एकच बदल

मांडणी लावून झाली की पुन्हा १४ दिवस नोंद. त्यानंतर एकच गोष्ट बदला: पहिली जाहिरात एक परिच्छेद खाली, किंवा अँकर बंद, किंवा तिसरी जागा चालू. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

बदल ठेवायचा की काढायचा याचा नियम आधीच लिहून ठेवा. हजार भेटींमागची कमाई वाढली आणि भेटीमागची पानं पूर्वीइतकीच राहिली, तर ठेवा. कमाई वाढली पण पानं घटली, तर आणखी १४ दिवस बघा. तरी घटत राहिली, तर काढा. कमाई तेवढीच आणि सीएलएस बिघडला, तर त्याच दिवशी काढा.

## बिघडलं तर आधी इथे बघा

व्ह्यू आहेत, जाहिराती दिसत नाहीत. 'ॲड्स डॉट टीएक्सटी', म्हणजे तुमच्या साइटवर जाहिराती कोण विकू शकतं ते सांगणारी फाइल, मुख्य डोमेनवर आहे का आणि तिच्यातला पब्लिशर क्रमांक बरोबर आहे का ते बघा. दुसरं नेटवर्क जोडताना त्यांची ओळ टाकायच्या नादात गूगलची ओळ पुसली जाते.

सीएलएस फक्त होमपेजवर वाईट. वरचा फिरता स्लाइडर आणि ब्रेकिंग न्यूजची पट्टी तपासा. तिथे जाहिरातीचा दोष क्वचितच असतो.

क्लिक अचानक वाढले, महिन्याअखेर पैसे कापले. मधल्या काळात थीम अपडेट झाली का? मेनू किंवा 'आणखी वाचा' सरकून जाहिरातीला चिकटला असेल. अंतर पुन्हा ३० पिक्सेल करा.

छोट्या बातम्यांत दोन जाहिराती दिसतात. शब्दसंख्येची अट एकाच जागेला लावली आणि दुसरीला राहिली. प्लगइनमध्ये प्रत्येक ब्लॉक उघडून बघा.

फोटोखालची ओळ जाहिरातीच्या खाली गेली. वार्ताहराने फोटोची ओळ कॅप्शनमध्ये न लिहिता साध्या परिच्छेदात लिहिली आहे. ती कॅप्शनच्या जागी हलवा, आणि जुन्या बातम्यांपैकी अजून वाचल्या जाणाऱ्या पहिल्या वीस-पंचवीस उघडून तिथेही तेवढं करा.